साखळीच्या स्वभावाचं गणित

दुकानाच्या पाटीसाठी वापरतात ती चकचकीत अ‍ॅक्रिलिक शीट आणि दंतवैद्याकडे तयार होणारी कवळी, या दोन्हींचा मुख्य घटक एकच: पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. साधारण १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तो काचेसारखा कडक राहतो. त्याच्या साखळीच्या प्रत्येक एककात, थेट कण्याला चिकटलेला एक मिथाइल गट असतो, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. तो काढून त्या जागी नुसता हायड्रोजन बसवला की पॉलिमिथाइल अ‍ॅक्रिलेट होतं. हा पदार्थ १० अंशांच्या आसपासच कडकपणा सोडतो. मुंबईतल्या कुठल्याही खोलीत तो रबरासारखा मऊ राहील. त्याची ना पाटी होईल, ना कवळी. चार अणूंच्या जागी एक अणू आला आणि पंचाण्णव अंशांचा फरक पडला.

आता कण्यावरचा मिथाइल तसाच ठेवून, एककाच्या बाजूला लोंबणारी शेपटी लांबवून पाहू. शेपटीच्या टोकाला मिथाइलऐवजी इथाइल आलं की १०५ चे ६५ अंश होतात, ब्यूटाइल आलं की २०. म्हणजे कण्यापाशी अणू वाढवले तर पदार्थ कडक होतो आणि शेपटीत वाढवले तर मऊ. भिंतींच्या अ‍ॅक्रिलिक इमल्शन रंगांची मेख यातच आहे. कडक एकक किती आणि मऊ एकक किती घ्यायचं, हे प्रमाण जमलं तर रंगाचा थर भेगाळत नाही आणि बोटाला चिकटतही नाही.

मग कागदावर रेणूची रचना काढून दिली, तर पदार्थ तयार करण्याआधीच त्याचा स्वभाव सांगता येईल का? तो किती अंशांना मऊ पडेल, किती ताण सोसेल, वीज किती साठवेल, त्यातून वायू किती झिरपेल? रसायनशास्त्रज्ञ हा प्रश्न अनेक दशकं सोडवत आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत संगणकाने या कामाला असा वेग दिला की आज लाखो न बनवलेल्या पॉलिमरांचे गुणधर्म एका दुपारात मांडून मिळतात. हे काम मला विलक्षण महत्त्वाचं वाटतं. आणि म्हणूनच त्यातले आकडे येतात कुठून, हे नीट पाहिलं पाहिजे असंही वाटतं.

एक अंक आणि सात जीव

पॉलिमर म्हणजे लहान रेणू एकाला एक जोडून झालेली लांबलचक साखळी. अशा साखळ्या खरोखर असतात, असं हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडलं, तेव्हा ते अनेकांच्या गळी उतरेना. रबर किंवा सेल्युलोज म्हणजे लहान रेणूंचे पुंजके असावेत, हाच समज रूढ होता. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये.

वितळलेल्या अवस्थेत या साखळ्या सतत वळवळत असतात. तापमान उतरतं तशी त्यांच्यामधली मोकळी जागा कमी होत जाते. गर्दीच्या वेळच्या विरार लोकलमध्ये माणसाला खिशापर्यंत हात न्यायलाही जागा उरत नाही, तशी एका टप्प्यावर साखळीच्या तुकड्यांची गत होते. जिथे आहेत, जसे आहेत तसे ते अडकून पडतात आणि पदार्थ काचेसारखा कडक होतो. हा टप्पा ज्या तापमानाला येतो ते काच-संक्रमण तापमान. प्रयोगशाळेत आणि कारखान्यात सगळे त्याला ‘टीजी’ म्हणतात. पॉलिस्टायरीनचा टीजी १०० अंशांच्या आसपास, पीव्हीसीचा ८० च्या आसपास, नैसर्गिक रबराचा शून्याखाली ७० च्या सुमारास. रबर आपल्याला रबर वाटतं, कारण आपण त्याच्या टीजीच्या कितीतरी वर राहतो.

या अंकाचं मोल २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी अमेरिकेला कळलं. चॅलेंजर यान उडालं तेव्हा फ्लोरिडात हवा जेमतेम २ अंश होती. बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी एरवी दाब बदलताच चटकन फुगून फट बुजवते. रबर टीजीच्या दिशेने सरकू लागलं की पूर्ण कडक होण्याच्या बरंच आधी त्याची उसळी मंदावते. कडीला फट वेळेत बुजवता आली नाही, तप्त वायू बाहेर पडले आणि सात अंतराळवीर गेले. पुढे चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात धरला. चिमटा काढल्यावर तो लगेच मूळ आकारात आला नाही. कुठला पदार्थ कुठल्या तापमानाला कसा वागेल याचं आधी मिळालेलं आणि गांभीर्याने घेतलेलं उत्तर माणसं वाचवू शकतं.

बेरजेने मिळणारं उत्तर

भाकिताची पहिली व्यवहारी रीत बेरजेची होती. डर्क विलेम व्हॅन क्रेव्हेलन हे डच रसायन-अभियंते आधी सरकारी कोळसा खाणींच्या संशोधन विभागात होते. दगडी कोळशाच्या रचनेवरचं त्यांचं काम आजही वापरात आहे. पुढे ते कृत्रिम धाग्यांच्या उद्योगात आले. पॉलिमरांच्या गुणधर्मांवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक १९७२ मध्ये निघालं. त्यामागची कल्पना अशी: साखळीच्या एककाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला ठरलेला अंक द्या, अंकांची बेरीज करा आणि तिला एककाच्या वस्तुमानाने भागा.

करून पाहू. पॉलिस्टायरीनच्या एककाचे दोन तुकडे पडतात. कार्बन-दोन-हायड्रोजनच्या तुकड्याला २.७ आणि बेंझीनचं कडं मिरवणाऱ्या कार्बनला ३६.१. बेरीज ३८.८. एककाचं वस्तुमान ०.१०४ किलो प्रति मोल. भागाकार ३७३ केल्व्हिन, म्हणजे १०० अंश सेल्सिअस. पीव्हीसीत पहिला तुकडा तोच, २.७, क्लोरीनवाल्या कार्बनला १९.४. बेरीज २२.१, वस्तुमान ०.०६२५, उत्तर सुमारे ३५४ केल्व्हिन, म्हणजे ८१ अंश. दोन्ही उत्तरं प्रत्यक्ष मोजमापाशी जुळतात. शाळकरी पोराला जमेल अशा बेरीज-भागाकारात पदार्थाचा स्वभाव हाती येतो, हे मला आजही थरारक वाटतं.

पण ते ३६.१ आलं कुठून? ते सिद्धांतातून उतरलेलं नाही. कुणीतरी पॉलिस्टायरीन आणि त्याची भावंडं बनवली, तापवली, मोजली, आणि सगळ्या मोजमापांशी जास्तीत जास्त जुळेल असा अंक प्रत्येक तुकड्याला नेमून दिला. ज्या तुकड्याचं मोजमाप झालेलं नाही त्याला तक्त्यात अंक नाही, आणि मग उत्तरही नाही. ही अडचण ओलांडण्यासाठी जोझेफ बिसेरानो यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात बेरजेचीच रीत वेगळ्या वळणाने नेली. कुठला अणू कुणाशी जोडलेला आहे, त्याचे शेजारी किती, यावरून निर्देशांक काढायचे आणि त्यांच्यावर सूत्र बसवायचं. तक्त्यात नसलेल्या तुकड्यांचाही त्यामुळे अंदाज बांधता येऊ लागला. सूत्रातले गुणक मात्र मोजमापांवरच बसवलेले होते.

एका सूत्राची अनेक रूपं

नुसत्या सूत्रावरून पॉलिमरचा स्वभाव सहज का सांगता येत नाही, ते दुधाच्या पिशवीपासून समजून घेता येतं. पिशवीचं प्लास्टिक, रसायनांचे निळे पिंप आणि कृत्रिम खुब्यातली वाटी, तिन्ही पॉलिएथिलीनची असतात. कार्बन-दोन-हायड्रोजन, पुन्हा कार्बन-दोन-हायड्रोजन, याखेरीज त्यात काही नाही. फरक पडतो तो साखळीला फांद्या किती आणि साखळी किती लांब, यामुळे. फांद्या फुटलेल्या साखळ्या एकमेकींना खेटून बसत नाहीत, त्यामुळे घनता कमी होते आणि पदार्थ लवचिक राहतो. सरळ साखळ्या खेटून स्फटिक करतात आणि पिंप कणखर होतं. साखळी अतिशय लांब झाली की ती झीज सोसणारी होते, खुब्यासाठी योग्य.

त्यात साखळीवरच्या गटांची दिशाही येते. पॉलिप्रॉपिलीनचे मिथाइल गट वेडेवाकडे बसले तर चिकट गोंदासारखा पदार्थ मिळतो. सगळे एकाच बाजूला आले तर तोच पदार्थ साधारण १६५ अंशांना वितळणारं भक्कम प्लास्टिक होतो. ही किमया जुलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये केली. कार्ल त्सीग्लर यांच्यासोबत त्यांना १९६३ चं नोबेल मिळालं. अ‍ॅक्रिलिक शीटच्या बाबतीतही दिशा बदलली की टीजी ५० च्या आसपास उतरतो किंवा १२० च्या वर जातो, आणि कागदावरचं सूत्र मात्र बदलत नाही. साखळीची लांबीही हिशेबात धरावी लागते. थॉमस फॉक्स आणि पॉल फ्लोरी यांनी १९५० मध्ये दाखवलं की साखळी आखूड होत गेली की टीजी खाली येतो, कारण मोकळी टोकं वाढतात आणि टोकांभोवती जागा जास्त असते.

म्हणजे साध्या रसायनाप्रमाणे पॉलिमर हा एकच एक रेणू नसतो. वेगवेगळ्या लांबीच्या, वेगवेगळ्या वळणांच्या साखळ्यांचा तो समुदाय असतो. शिवाय तो कसा थंड केला, किती ताणला, साच्यात किती वेगाने भरला, हा इतिहासही त्याच्या अंगात मुरलेला असतो. मोल्डिंगवाल्याला हे पाठ असतं. एकाच गोणीतला दाणा दोन मशीनांवर दोन तऱ्हांनी वागतो.

संगणकाच्या आत

भाकिताची पहिली वाट बेरजेची, तर दुसरी भौतिकशास्त्राची. साखळीतला प्रत्येक अणू संगणकात मांडायचा, त्यांच्यातली ओढ आणि ढकल यांची सूत्रं द्यायची आणि न्यूटनच्या नियमांनी त्यांना हलू द्यायचं. या रीतीला मॉलिक्युलर डायनॅमिक्स म्हणतात. यात काळाचं एक पाऊल साधारण एक फेम्टोसेकंदाचं असतं. एक नॅनोसेकंद पुढे जायला दहा लाख पावलं टाकावी लागतात, आणि प्रत्येक पावलाला हजारो अणूंवरची बलं नव्याने मोजावी लागतात.

टीजी काढायचा तर पदार्थ संगणकात वितळवायचा, टप्प्याटप्प्याने थंड करायचा आणि घनता कुठे वळण घेते ते पाहायचं. अडचण थंड करण्याच्या वेगाची आहे. प्रयोगशाळेत मिनिटाला १० अंश हा नेहमीचा वेग. संगणकाला इतकं सावकाश जाणं परवडत नाही; तिथला वेग कधी कधी लाख कोटी पटींनी जास्त असतो. साखळ्यांना सावरायला वेळच मिळत नाही, त्या लवकर अडकतात आणि उत्तर खऱ्या टीजीपेक्षा वर येतं. ही चूक एका दिशेने होते म्हणून ती दुरुस्त करता येते. पण दुरुस्ती किती करायची हे ठरवायलाही प्रत्यक्ष मोजमापच लागतं.

तिसरी वाट शिकणाऱ्या यंत्राची: मोजलेली उदाहरणं दाखवून त्याला रचना आणि गुणधर्म यांची सांगड शिकवायची. त्याआधी यंत्राला रचना वाचता आली पाहिजे. डेव्हिड वाइनिंगर यांनी १९८८ मध्ये मांडलेली ‘स्माइल्स’ ही लिपी यासाठी वापरतात. तिच्यात रेणू एका ओळीत लिहिला जातो: कार्बनसाठी एक अक्षर, फांदीसाठी कंस, कडं जुळवायला अंक. पॉलिमर असेल तर साखळी जिथून पुढे जाते त्या दोन टोकांना तारका. पॉलिस्टायरीनचं एकक अशा दहा-पंधरा चिन्हांत मावतं. मात्र या ओळीत साखळीची लांबी नाही, साखळीला फुटलेल्या फांद्या नाहीत, कुठली एककं किती प्रमाणात मिसळली तेही नाही. ही उणीव भरायला २०१९ मध्ये ‘बिगस्माइल्स’ आली.

या क्षेत्रात ठळकपणे पुढे आलेलं नाव म्हणजे राममूर्ती रामप्रसाद. जॉर्जिया टेकमधल्या त्यांच्या गटाने २०१८ मध्ये ‘पॉलिमर जीनोम’ हे साधन मांडलं. रचनेतून शेकडो लहान-मोठ्या खुणा काढायच्या, त्यांची मोजलेल्या गुणधर्मांशी सांगड घालायची आणि प्रत्येक भाकितासोबत ते कितपत भरवशाचं हेही सांगायचं. २०२३ मध्ये याच गटाने ‘पॉलिबर्ट’ आणलं. भाषा शिकणाऱ्या मॉडेलांचं तंत्र त्यात रसायनाच्या लिपीला लावलं आहे. आधीच बनवलेल्या तेरा हजारांहून अधिक पॉलिमरांचे तुकडे पाडून ते नव्या तऱ्हांनी जोडले आणि १० कोटी काल्पनिक पॉलिमरांची यादी करून त्यांचे गुणधर्म वर्तवले.

काल्पनिक यादीतून कुपीत

अशा काल्पनिक याद्यांतलं काही हाती लागलं का? लागलं, आणि उदाहरण कपॅसिटरचं आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या इन्व्हर्टरमध्ये वीज क्षणभर धरून ठेवायला प्लास्टिकची पातळ फिल्म वापरतात, बहुतेक वेळा ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची. ती उत्तम विद्युतरोधक आहे, पण १०० अंशांच्या आसपास तिची ताकद सरते. म्हणून तिला गार ठेवायची वेगळी सोय करावी लागते.

२०१४ मध्ये रामप्रसाद यांच्या तेव्हाच्या कनेक्टिकटमधल्या गटाने रसायनातले सात साधे तुकडे घेतले आणि चार-चार जोडून होणाऱ्या अडीचशेहून अधिक साखळ्यांची क्वांटम गणना केली. अडचण जुनी होती. वीज जास्त साठवणारा पदार्थ सहसा ती रोखण्यात कमी पडतो. दोन्हीकडे बरे निघालेले पदार्थ वेचून त्यांतले तीन रसायनशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष तयार केले आणि तपासले. पुढे गणनेच्या जोडीला शिकणारी मॉडेलं आली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात अशा मॉडेलांच्या मदतीने निवडलेल्या आणि प्रत्यक्ष बनवलेल्या एका पॉलिमरने २०० अंशांना घनसेंटिमीटरमागे ८.३ जूल ऊर्जा साठवून परत दिली. त्या तापमानाला बाजारातल्या पॉलिमर फिल्मांपेक्षा हे अकरा पट आहे.

इथे मॉडेलाने नेमकं काय केलं? सुई जिच्यात शोधायची ती गवताची गंजी लहान केली. शेकडो रेणू बनवून पाहण्याऐवजी मोजके बनवावे लागले. रसायन जमवणं, फिल्म ओढणं, ती फुटेपर्यंत तिला विजेचा दाब देणं, हे माणसांनीच केलं. त्यांनी मोजलं म्हणून आज ८.३ हा अंक आपण ठामपणे लिहू शकतो.

याची गरज कपॅसिटरपुरती नाही. १९५० पासून २०१५ पर्यंत जगाने सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनवलं आणि त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आलं, असा हिशेब २०१७ मध्ये मांडला गेला. आता असे पॉलिमर हवेत जे वापरताना टिकतील आणि काम झाल्यावर मूळ एककांत परत उलगडतील. शिवाय स्वस्त असतील, साच्यात सहज वाहतील, अन्न टिकवतील. एकाच वेळी पाच-सहा अटी पाळणारी रचना चाचपडत शोधायला पिढ्या जातील. तेवढा वेळ आपल्यापाशी नाही.

अंक जन्मतो तिथे

मॉडेलं हवीतच, पण ती मोजमापांवरच शिकतात; म्हणून आता त्या यंत्रापाशी जाऊ जिथे टीजीचा अंक जन्मतो. डीएससी नावाचं हे यंत्र टेबलावर मावतं. नखाएवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत पाच ते दहा मिलिग्रॅम नमुना काट्यावर तोलून घ्यायचा, झाकण दाबून बसवायचं. शेजारी तशीच रिकामी वाटी. दोन्ही मिनिटाला १० अंश वेगाने तापवायच्या आणि नमुन्याला रिकाम्या वाटीपेक्षा किती जास्त उष्णता लागते ते नोंदत जायचं. टीजी आला की आलेखाची रेषा एक लहानशी पायरी चढते. पहिल्या वेळची रेषा सहसा बाजूला ठेवतात, कारण तिच्यात नमुन्याचा जुना इतिहास असतो. नमुना थंड करून पुन्हा तापवायचा आणि दुसऱ्या वेळची पायरी वाचायची.

ही पायरी उभी नसते, तिरकी असते. कुणी तिची सुरुवात वाचतं, कुणी मध्य. तापवण्याचा वेग दसपट केला तर उत्तर साधारण तीन अंश सरकतं. नमुन्यात ओल राहिली तर ते खाली येतं. नायलॉनच्या बाबतीत चांगलंच खाली. साखळ्या आखूड असतील तर आणखी खाली. म्हणून एकाच पॉलिमरचे टीजी निरनिराळ्या लेखांत दहा-वीस अंशांच्या फरकाने सापडतात. त्यातले बरेचसे खोटे नसतात, फक्त कुठल्या परिस्थितीत मोजले ते सोबत लिहिलेलं नसतं. जपानमधल्या त्सुकुबाच्या संस्थेने ‘पॉलिइन्फो’ या भांडारात शोधनिबंधांतून असे आकडे चिकाटीने गोळा केले. आज या क्षेत्रातली कित्येक मॉडेलं त्या चिकाटीवर उभी आहेत.

मॉडेल तपासण्याच्या रीतीकडेही इथे डोळसपणे पाहायला हवं. जमलेल्या आकड्यांतले काही यदृच्छेने बाजूला काढून त्यांच्यावर परीक्षा घेतली, तर परीक्षेत शिकवलेल्या पॉलिमरांची सख्खी भावंडंच येतात आणि गुण भरघोस पडतात. संपूर्ण कुटुंबच बाजूला ठेवून परीक्षा घेतली की खरी कुवत दिसते. २०२५ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘कॅगल’ या संकेतस्थळावर खुली स्पर्धा घेतली. रचनेच्या ओळीवरून टीजी, घनता, उष्णतावहन, मोकळ्या जागेचं प्रमाण आणि साखळीचा पसारा, हे पाच गुणधर्म सांगायचे होते. त्यामुळे रसायनाशी संबंध नसलेले हुशार तरुणही या प्रश्नाला भिडले, हे फार चांगलं झालं. पण तिथली प्रमाण उत्तरंही मॉलिक्युलर डायनॅमिक्सच्या गणनांतून आलेली होती. अशा परीक्षेत पहिला येणारा गणनेला उत्तम ओळखतो. कुपीतल्या पदार्थाला किती ओळखतो, हे कुपीच सांगेल.

आपल्याकडची वही

पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, पॉलिमरांच्या गणिताची परंपरा जुनी आहे. रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पाण्याने फुगणाऱ्या जेलांवर काम केलं. पॉलिआयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलअमाइडचं जेल ३२ अंशांच्या आसपास अचानक आकसतं आणि पाणी सोडतं. साखळी आणि पाणी यांच्यातले हायड्रोजन बंध हिशेबात धरून असं आकसणं कसं घडतं, याची मांडणी त्यांनी केली. मोजमाप समजावणारं गणित मांडायचं, ही त्या कामाची रीत होती.

एनसीएलमध्ये, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, आयसीटीमध्ये, आणि देशभरच्या विद्यापीठांत पॉलिमरांवर दर वर्षी प्रबंध होतात. बहुतेकांत डीएससीचे आलेख असतात, कधी कधी जगात दुसऱ्या कुणीच न बनवलेल्या पॉलिमरांचे. शोधगंगा या राष्ट्रीय भांडारात असे प्रबंध पीडीएफच्या रूपात ठेवलेले आहेत. आलेख चित्र म्हणून दिसतो. त्यातला अंक यंत्राला उचलता येत नाही. जे पॉलिमर जमलेच नाहीत, जे अपेक्षेपेक्षा लवकर मऊ पडले, त्यांच्या नोंदी तर वहीतच राहतात. मॉडेलाला त्या यशस्वी नोंदींइतक्याच मोलाच्या असतात, कारण सीमा कुठे आहे हे त्यांच्यातूनच कळतं.

करायचं काम अवघड नाही. प्रबंधासोबत एक तक्ता द्यायचा: रचनेची ओळ, साखळीची सरासरी लांबी, तापवण्याचा वेग, पहिल्या फेरीचा आकडा की दुसऱ्या, नमुना कसा वाळवला, आणि फसलेल्या प्रयत्नांचीही नोंद. विद्यापीठांनी तो बंधनकारक करावा, अनुदान देणाऱ्यांनी मागावा, मार्गदर्शकांनी तपासावा. तोलून, वाळवून, दोनदा तापवून घेतलेला एक अंक ज्या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे नोंदवला, त्याचं नाव मॉडेलाच्या श्रेयनामावलीत यायला हवं. पुढच्या दशकात नवे पॉलिमर संगणकावर सुचतील, हे ठरल्यासारखंच आहे. त्यांच्यामागच्या आकड्यांत आपला वाटा किती असेल, हे मात्र आज आपल्या प्रयोगशाळांत कोण काय आणि कसं लिहून ठेवतं, यावर ठरेल.